फ्रीवेवर लेन बदलताना तिकीट मिळालं, तर लढायचं कसं? कॅलिफोर्नियातली लेखी सुनावणी, पायरीपायरीने

व्हॉट्सॲपवर एका लांबट कागदाचा फोटो येतो आणि खाली ओळ असते, ‘दादा, काल १०१ वर पकडलं. अनसेफ लेन चेंज म्हणे. काय करू?’ मी विचारतो, अजून काही केलं नाहीस ना? उत्तर ठरलेलं असतं : ‘तसं काही नाही, फक्त कोर्टाच्या साइटवर पैसे भरून टाकले. आता लढायचं म्हणतोय.’ झालं! लढाई तिथेच संपली. तिकिटाचे पैसे भरले की कायद्याच्या नजरेत तुम्ही गुन्हा मान्य केलात, मग कोर्टाला सांगण्यासारखं काही उरत नाही.

दुसऱ्या प्रकारचे लोक वेळेत लेखी सुनावणीचा (म्हणजे कोर्टात न जाता, कागदावरच चालणाऱ्या खटल्याचा) अर्ज करतात, पण निवेदनात असं काही लिहितात की न्यायाधीशाला ऑफिसरचा कागद वाचायचीही गरज पडू नये. ‘ट्रॅफिक खूप होता, एक्झिट जवळ आली होती, दुसरा इलाजच नव्हता.’ लिहिणाऱ्याला हा बचाव वाटतो. वाचणाऱ्याला तो कबुलीजबाब वाटतो.

हा लेख फक्त एका परिस्थितीपुरता आहे : कॅलिफोर्निया, फ्रीवे, साधी खाजगी गाडी, तिकिटावर व्हेइकल कोडचं २२१०७ किंवा २१६५८(ए) हे कलम, आणि कुणाला इजा नाही. धडक होऊन कुणी जखमी झालं असेल, किंवा तुमच्याकडे कमर्शियल लायसन्स असेल, तर इथेच थांबा आणि वकील गाठा. ट्रक चालवणाऱ्यांसाठी बेफिकीर लेन चेंज हा फेडरल नियमांत ‘गंभीर’ गुन्ह्यांत मोडतो. तीन वर्षांत असे दोन झाले तर ६० दिवस कमर्शियल गाडी चालवता येत नाही. पोटापाण्याचा प्रश्न घरगुती सल्ल्यावर सोडू नये.

टप्पा १ : ऑफिसर निघून गेल्यानंतरचा पहिला तास

तिकिटावर सही करायला सांगतात, ती करा. ती गुन्ह्याची कबुली नसते. ‘दिलेल्या तारखेपर्यंत कोर्टाशी संपर्क करीन’ एवढंच ते वचन असतं. सही नाकारली तर अटकेपर्यंत गोष्ट जाऊ शकते. ‘तुम्हाला का थांबवलं माहीत आहे का?’ हा प्रश्न ऑफिसर २०२३ पर्यंत विचारायचे; आता त्यांना आधी कारण सांगावं लागतं. ते ऐकताच आपल्याकडचे लोक घाईघाईने ‘सॉरी सर, दिसलंच नाही’ म्हणतात. ते वाक्य ऑफिसर तिकिटाच्या प्रतीमागे टिपून ठेवतो आणि पुढे जसंच्या तसं कोर्टात येतं. ‘समजलं, ऑफिसर’ एवढं उत्तर पुरे. वाद नको, विनवणीही नको.

ऑफिसर गेल्यावर पुढच्या एक्झिटला उतरा, कुठेतरी पार्किंगमध्ये थांबा आणि फोनवर टिपून काढा. फ्रीवेच्या शोल्डरवर (कडेच्या पट्टीवर) बसून हे करू नका. काय टिपायचं :

कोणत्या लेनमधून कोणत्या लेनमध्ये गेलात. इथे लेनचे नंबर डावीकडून मोजतात : दुभाजकाजवळची नंबर १, तिच्या उजवीकडची २, आणि असंच पुढे. ऑफिसरचा कागद याच भाषेत असतो. आपण ‘तिसरी लेन’ म्हणताना उजवीकडून मोजतो आणि मग दोन कागद दोन वेगळ्या घटनांबद्दल बोलायला लागतात.

तुमच्या पुढे, मागे आणि ज्या लेनमध्ये गेलात तिथे कोणत्या गाड्या होत्या. ऑफिसरची गाडी तुम्हाला पहिल्यांदा कुठे दिसली, आणि तुमच्या दोघांमध्ये काय होतं. उजेड, पाऊस, सूर्य कोणत्या बाजूला. सिग्नल दिला होता का, आणि किती आधी.

डॅशकॅम असेल तर हे काम सगळ्यात आधी करा, कारण तो जुन्या चित्रफितीवर नवीन लिहीत जातो. टेस्लामध्येही ‘रीसेंट क्लिप्स’ थोडाच काळ राहतात. मुद्दाम सेव्ह केलं नाही, तर घरी पोहोचून चहा होईपर्यंत तुमचा सर्वांत चांगला साक्षीदार पुसला गेलेला असेल. सोबत कुणी बसलं असेल तर त्यालाही त्याच दिवशी, स्वतंत्रपणे, स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा. एकमेकांचं वाचून लिहू नका.

टप्पा २ : तिकीट नीट वाचा

तीन गोष्टी शोधा : कलम, कोर्ट आणि तारीख.

कलमावरून पुढचा सगळा युक्तिवाद ठरतो, म्हणून ते ‘लेन चेंजचं काहीतरी’ असं लक्षात ठेवू नका. २२१०७ म्हणजे सुरक्षित नसताना किंवा गरज असताना सिग्नल न देता बाजूला सरकणं. २१६५८(ए) म्हणजे एका लेनमध्ये न राहणं, किंवा सुरक्षितपणाची खात्री न करता लेन सोडणं. दुहेरी सलग रेषा ओलांडून कारपूल लेनमध्ये (एकाहून जास्त माणसं बसलेल्या गाड्यांसाठीच्या लेनमध्ये) शिरल्याचं कलम वेगळंच असतं, दंडही बराच मोठा असतो आणि खालच्या युक्तिवादाचा तिथे उपयोग नाही.

तारीख म्हणजे ‘या दिवसापर्यंत किंवा या दिवशी’ कोर्टाशी संपर्क करण्याची मुदत. कोर्टाकडून नंतर टपालाने एक आठवण-पत्र येतं, त्यात रक्कम आणि पर्याय असतात. ते नाही आलं तरी मुदत टळत नाही. घर बदललं असेल तर दहा दिवसांत डीएमव्हीला (राज्याच्या वाहन खात्याला) पत्ता कळवायचा असतो. भाड्याची अपार्टमेंटं बदलणाऱ्या आपल्या मंडळींचं पत्र नेमकं जुन्या दारात पडून राहतं. दोन-तीन आठवडे झाले की काउंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या साइटवर तिकिटाचा नंबर घालून केस दिसते का ते स्वतः पाहा.

सावध : तिकिटावर गाडीचा रंग चुकला, आडनावात एक अक्षर जास्त पडलं, म्हणून केस उडत नाही. ऑफिसर दुरुस्तीचा कागद पाठवून ते सुधारू शकतो. अशा चुकीवर सगळी भिस्त ठेवणारे बरेच भेटतात. तारीख चुकवलीत तर मात्र १०० डॉलरपर्यंत वेगळा आकार लागतो, वसुली एजन्सीकडे रक्कम जाते आणि हजर न राहण्याचा वेगळा गुन्हाही लागू शकतो.

टप्पा ३ : लढायचं की ट्रॅफिक स्कूल, हे आधी ठरवा

२२१०७ चा मूळ दंड ३५ डॉलर आहे. त्यावर राज्याचे आणि काउंटीचे अधिभार चढून तो २३०-२४० डॉलरांच्या घरात जातो. पण पैशापेक्षा महाग आहे तो डीएमव्हीच्या रेकॉर्डवर तुमच्या नावाने चढणारा दोषाचा एक पॉइंट. तो तीन वर्षं राहतो. एका पॉइंटने लायसन्स जात नाही (१२ महिन्यांत ४, २४ महिन्यांत ६ किंवा ३६ महिन्यांत ८ झाले तर अडचण येते), आणि कॅलिफोर्नियात ‘गुड ड्रायव्हर’ची इन्शुरन्स सवलतही तीन वर्षांत एका पॉइंटपर्यंत टिकते. म्हणजे आधीचा एक पॉइंट असेल तर हा दुसरा फार महागात पडतो, आणि पाटी कोरी असेल तर तितका नाही. हा हिशेब करायच्या आधीच लोक तावातावाने लढायला निघतात.

ट्रॅफिक स्कूलचा (वाहतुकीच्या नियमांच्या वर्गाचा) रस्ता असा : दंड पूर्ण भरायचा, वर कोर्टाची फी, त्यावर शाळेची फी, आणि पॉइंट इन्शुरन्स कंपनीपासून झाकला जातो. ही सोय १८ महिन्यांत एकदाच मिळते. आधी लढून हरल्यावर ती द्यायची की नाही हे न्यायाधीशाच्या मर्जीवर असतं. हक्काने मागता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मनातल्या मनात ती लेन चेंज पुन्हा पाहा. मागच्याला ब्रेक मारावा लागला होता का? तुम्ही खरंच खांद्यावरून वळून पाहिलं नव्हतं का? तसं असेल आणि शाळेची सोय शिल्लक असेल, तर शाळेत जा. निवेदनावर सही शपथेवर होते, खोटं लिहिण्याची शिक्षा तिकिटापेक्षा कितीतरी मोठी आहे. पण हालचाल सुरक्षित होती आणि ऑफिसरला ती नीट दिसणं शक्य नव्हतं असं तुम्हाला खरंच वाटत असेल, तर पुढे वाचा.

टप्पा ४ : कलमाचे दोन तुकडे करा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. २२१०७ सांगतं : वाजवी सुरक्षितता असल्याशिवाय गाडी डावी-उजवीकडे न्यायची नाही, आणि दुसऱ्या गाडीवर परिणाम होण्यासारखं असेल तर योग्य सिग्नल दिल्यानंतरच न्यायची. दोन वेगळ्या अटी आहेत. ऑफिसरने यातली कोणती मोडली म्हणून तिकीट दिलं ते ओळखा. त्याने काय म्हटलं होतं ते आठवा : ‘तू त्याला कट मारलास’ की ‘तू ब्लिंकर दिला नाहीस’?

पहिली अट. कायद्याचा शब्द ‘वाजवी’ सुरक्षितता आहे. धडक झाली नाही एवढ्याने ती सिद्ध होत नाही. नशिबानेही धडक टळते. वाचणाऱ्याला हवं असतं ते हे : ज्या लेनमध्ये शिरलात तिथल्या मागच्या गाडीने ब्रेक मारला का, बाजूला वळली का, हॉर्न दिला का? तिचा आणि तुमचा वेग काय होता? मध्ये किती जागा होती?

दुसरी अट. सिग्नल किती आधी? २२१०८ कलमानुसार वळण्याआधीचे शेवटचे १०० फूट सलग. ताशी ६५ मैलांनी गाडी सेकंदाला सुमारे ९५ फूट जाते. म्हणजे १०० फूट हा जेमतेम एका सेकंदाचा खेळ आहे, ब्लिंकरची एक-दोन उघडझाप. आता त्या एका सेकंदात ऑफिसर कुठे होता याचा विचार करा. तो तीन गाड्या मागे असेल आणि मध्ये बंदिस्त ट्रक असेल, तर त्याला तुमची मागची उजवी बाजू दिसली का? उलट तो अगदी मागे असेल आणि तुम्ही लेनची रेषा ओलांडल्यावर ब्लिंकर लावला असेल, तर ‘सिग्नल दिला होता’ हे खरं असूनही निरुपयोगी आहे. आपल्याकडची सवय नेमकी हीच असते, हालचाल आणि ब्लिंकर एकत्र.

तपासा : एका वाक्यात लिहा, ‘ऑफिसरने ______ म्हटलं, पण ______ यामुळे ते घडलं नाही किंवा त्याला दिसणं शक्य नव्हतं.’ दोन्ही गाळलेल्या जागा भरता आल्या नाहीत, तर तुमच्याकडे अजून बचाव नाही, नुसती नाराजी आहे.

टप्पा ५ : पुरावा जमवा

आठवड्याभरात त्याच वेळी त्या जागेवरून पुन्हा जा, सोबत्याला फोटो काढू द्या. रस्त्याकडेचे पोस्टमाइल (मैलांच्या खुणांचे) फलक, एक्झिटचे बोर्ड, लेनच्या रेषा कुठे तुटक आणि कुठे सलग, रॅम्प कुठे येऊन मिळतो. स्टिअरिंग धरून फोटो काढू नका. तिकिटाच्या पुराव्यासाठी नवं तिकीट कशाला?

मग आकृती काढा. सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी कागद हाच. सॅटेलाइट नकाशाची प्रिंट घ्या, त्यावर लेनचे नंबर लिहा, तुमची गाडी ‘अ’, मागची ‘ब’, ऑफिसरची ‘क’. तीन क्षण दाखवा : सिग्नल देताना, रेषा ओलांडताना, नव्या लेनमध्ये स्थिर झाल्यावर. प्रत्येक चौकटीत ‘क’ पासून ‘अ’ पर्यंत एक रेघ ओढा. ती रेघ ट्रकमधून जात असेल तर न्यायाधीशाला तुम्ही काही समजावून सांगायची गरज नाही.

अंतरं आठवत नसतील तर आकडे रचू नका. ‘साधारण चार-पाच गाड्यांची जागा’ चालतं. ‘७३ फूट’ लिहिलंत की वाचणारा विचारणार, टेप घेऊन बसला होतात का?

ऑफिसरच्या नोंदी आणि त्याच्या कॅमेऱ्याची चित्रफीत असल्यास ती मागणारं पत्र पोलीस खात्याला आणि डिस्ट्रिक्ट अटर्नीला (काउंटीच्या सरकारी वकिलाला) पाठवता येतं. उत्तर नाही आलं तर १५ दिवसांनी कोर्टाकडे आदेश मागता येतो. लेखी सुनावणीपेक्षा प्रत्यक्ष सुनावणीत याचा उपयोग जास्त. पत्राची प्रत आणि पाठवल्याची पावती ठेवा.

टप्पा ६ : लेखी सुनावणीचा अर्ज आणि अनामत

कॅलिफोर्नियात साध्या तिकिटासाठी कोर्टात न जाता, कागदावरच खटला चालवता येतो. यात तुम्ही लिहून देता, ऑफिसरही लिहून देतो, न्यायाधीश दोन्ही वाचून निकाल देतो. ऑफिसरला त्यासाठी वेगळं लिहीत बसावं लागतं. त्याने लिहून दिलंच नाही, तर तुमच्याविरुद्ध वाचायला काही उरत नाही.

क्रम असा पाळा :

१. तिकिटावरच्या मुदतीच्या आत कोर्टाला कळवा की तुम्हाला ‘ट्रायल बाय रिटन डिक्लरेशन’ हवी आहे. काही काउंटी ऑनलाइन घेतात, काही टपालाने.

२. मुदतीत मागितलं की क्लार्क तारीख २५ दिवसांनी पुढे ढकलतो आणि टीआर-२०५ हा फॉर्म व टीआर-२०० ही सूचनांची पानं पाठवतो. सूचना खरंच वाचा. प्रत्येक कोर्टाच्या छोट्या छोट्या अटी त्यातच असतात.

३. पूर्ण दंडाइतकी रक्कम ‘बेल’ म्हणून भरा. आपल्या कानाला बेल म्हणजे जामीन. इथे ती अनामत आहे, निर्दोष ठरलात तर परत मिळते.

सावध : सगळ्यात जास्त घसरगुंडी इथे होते. कोर्टाच्या साइटवर ‘पे’ आणि ‘पोस्ट बेल फॉर ट्रायल’ हे दोन वेगळे पर्याय असतात. रक्कम तीच, कार्ड तेच, पण पहिला दाबलात की केस बंद. आमच्या मित्रमंडळातल्या एका शहाण्याने दोनदा वाचून चुकीचा दाबला, कारण पहिल्याचं बटण मोठं आणि हिरवं होतं. खात्री वाटत नसेल तर चेक पाठवा, कोर्टाच्या नावाने, मेमोमध्ये तिकीट नंबर आणि ‘बेल’ असं लिहून. रोख नको.

एवढी रक्कम एकदम भरणं जमत नसेल तर कोर्टाला आधीच सांगा. उत्पन्नानुसार दंड कमी करण्याची ऑनलाइन सोय आहे, पण ती घेताना कबुली द्यावी लागते का, हे क्लार्कला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ७ : निवेदन लिहा

निवेदन इंग्रजीत लिहायचं असतं. सोपं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी सगळ्यात चांगलं; ‘आय मोस्ट ह्यूम्बली बेग टू सबमिट’ छापाचं काही नको.

माझ्या स्वतःच्या तिकिटाच्या वेळी मी पहिला मसुदा दीड पानांचा लिहिला होता. बायकोला एअरपोर्टला सोडायचं होतं, आधीच उशीर झाला होता, आठ वर्षांत एकही तिकीट नाही, मागचा ट्रक फार हळू होता, सगळेच तसं करतात, आणि ऑफिसरचं बोलणं उद्धट होतं. त्याचं मराठी सार असं होतं : ‘घाईत होतो, एक्झिट सुटायला नको म्हणून पटकन शिरलो, पण कुणाला लागलं नाही.’ वकील असलेल्या एका मैत्रिणीने ते वाचून पेन्सिलीने एकच शब्द गोल केला : ‘पटकन’. पण तोपर्यंत मी तो कागद पाठवून दिलेला होता. लेखी सुनावणी हरलो, आणि बरोबरच हरलो.

तीच घटना आता मी अशी लिहीन :

‘मी नंबर ३ लेनमध्ये ताशी ६० मैलांच्या आसपास होतो. उजवीकडच्या नंबर ४ लेनमध्ये माझ्या मागे एक पांढरी सेडान होती, चार-पाच गाड्यांच्या अंतरावर, माझ्याच वेगाने. मी उजवा सिग्नल दिला, आरसा पाहिला, खांद्यावरून मागे पाहिलं. सिग्नलच्या किमान तीन उघडझापींनंतर मी रेषा ओलांडली. सेडानने ब्रेक मारला नाही आणि लेन बदलली नाही. ऑफिसरची गाडी मला प्रथम दिसली ती लेन बदलून झाल्यावर, नंबर २ लेनमध्ये, एका मोठ्या ट्रकच्या मागे. आकृती १ पाहा.’

विशेषणं नाहीत, माफी नाही, भाषण नाही. प्रत्येक वाक्य कलमाच्या एका तुकड्याला जाऊन भिडतं. शेवटी एक वाक्य : कलमाच्या दोन्ही अटी पाळल्या गेल्या, म्हणून निर्दोष ठरवावं. गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्याची आहे, हे एका ओळीत आठवण करून द्यायला हरकत नाही.

हे मात्र लिहू नका : ‘माझ्या पुढचाही तसाच गेला’ (मग तुम्हीही गेलात, असाच अर्थ होतो), ‘ऑफिसरला कोटा पूर्ण करायचा होता’, ‘मी इंजिनियर आहे, जबाबदार माणूस आहे’, ‘भारतात असंच चालवतात’. शेवटचं वाक्य एका निवेदनात मी खरोखर वाचलं आहे.

जागा कमी पडली तर वेगळी पानं जोडा, प्रत्येक पानावर तिकीट नंबर आणि पान क्रमांक. टीआर-२०५ वर पुराव्याच्या यादीत फोटो, आकृती वगैरेंसमोर खुणा करा. सही आणि तारीख विसरू नका; सहीशिवाय ते शपथेवरचं निवेदनच ठरत नाही.

तपासा : निवेदन अशा माणसाला वाचायला द्या ज्याला घटना माहीत नाही. त्याला फक्त विचारा, ‘मी कोणत्या लेनमधून कुठे गेलो आणि ऑफिसर कुठे होता?’ त्याला सांगता आलं नाही तर पुन्हा लिहा.

टप्पा ८ : पाठवणं

सगळ्याची प्रत काढून घरी ठेवा. सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसकट पाठवा, आणि मुदतीच्या किमान आठवडाभर आधी. तारीख म्हणजे कोर्टात कागद पोहोचायची तारीख. पाकिटावरचा शिक्का त्या दिवसाचा असून उपयोग नाही.

आई-बाबा भारतातून आलेले असताना त्यांना तिकीट मिळालं, तर हाच रस्ता सगळ्यात सोयीचा, कारण टपालाने होतो. ‘ते तर पुढच्या महिन्यात परत जातील’ म्हणून कागद फ्रिजवर चिकटवून विसरू नका. सही मात्र गाडी चालवणाऱ्याचीच लागते, म्हणून विमान पकडायच्या आधी निवेदन पूर्ण करून घ्या.

टप्पा ९ : निकाल, आणि हरलात तर दुसरी संधी

निकाल टीआर-२१५ फॉर्मवर टपालाने येतो. तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात, मध्येच फोन करून काही होत नाही.

दोषी ठरलात तर टीआर-२२० भरून ‘ट्रायल डी नोव्हो’ मागता येते, म्हणजे पहिल्यापासून नवी, प्रत्यक्ष सुनावणी. मुदत २० दिवस. आणि हे २० दिवस निकाल तुमच्या हातात पडल्यापासून नाही, कोर्टाने तो टपालात टाकल्यापासून मोजतात. पाकीट आठवडाभर मेलबॉक्समध्ये पडून राहिलं तर तुमच्याकडे तेरा दिवस उरले. दरम्यान कोर्टाच्या फाइलमधून ऑफिसरने लिहून दिलेल्या निवेदनाची प्रत मागून घ्या. तो कुठे होता आणि त्याने काय पाहिलं हे आता तुमच्या समोर त्याच्याच शब्दांत असतं.

अर्ज पोहोचला की ४५ दिवसांच्या आतली तारीख मिळते. ज्युरी नसते आणि सरकारी वकील बहुधा नसतो. ऑफिसर आधी सांगतो, मग तुम्ही त्याला प्रश्न विचारू शकता, मग तुमची बाजू. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर दुभाषा मोफत मिळतो, पण मराठीसाठी आधीच सांगावं लागतं. त्या दिवशी सकाळी मागून मिळेलच असं नाही.

प्रश्न थोडे आणि बंद दाराचे विचारा, म्हणजे ज्यांचं उत्तर एका-दोन शब्दांत संपेल असे. ‘तुम्ही कोणत्या लेनमध्ये होतात?’ ‘आपल्या दोघांमध्ये किती गाड्या होत्या?’ ‘माझ्या मागच्या गाडीचा रंग कोणता होता?’ ‘तिने ब्रेक मारला का?’ पण ‘तुम्ही असं का केलंत?’ हे कधीही विचारू नका. त्या एका प्रश्नाने त्याला पाच मिनिटं बोलायची परवानगी मिळते. आकृतीच्या तीन प्रती न्या : न्यायाधीशाला, ऑफिसरला, स्वतःला.

माझ्या वेळी मी असे अकरा प्रश्न इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात घेऊन गेलो होतो. ऑफिसर आलेच नाहीत आणि न्यायाधीशांनी केस काढून टाकली. माझ्या प्रश्नांचं त्यात काहीच कर्तृत्व नाही, पण सुनावणीच मागितली नसती तर तेही झालं नसतं. इथेही हरलात तर ३० दिवसांत अपील करता येतं. पण ते कायद्याच्या चुकीपुरतं असतं, घटना पुन्हा सांगायची तिथे सोय नाही, आणि एका पॉइंटसाठी तेवढं करावं असं मला वाटत नाही.

जिंकलात तर अनामतीचा चेक टपालाने येतो, तुम्ही केस विसरून गेल्यावर. तो जमा झाला की महिनाभराने डीएमव्हीच्या साइटवरून दोन डॉलर भरून स्वतःचा ड्रायव्हिंग रेकॉर्ड काढा आणि पॉइंट चढलेला नाही ना ते पाहा. निकालाचा कागद आणि तो रेकॉर्ड ग्रीन कार्डच्या फाइलमध्येच ठेवून द्या. नागरिकत्वाच्या अर्जात पोलिसांनी कधी तिकीट वा नोटीस दिली का, असा प्रश्न असतो, आणि तोपर्यंत ही लेन कुठली होती हेही तुम्हाला आठवत नसेल.